फणीचा फोटो

गडचिरोलीच्या बस स्टँडवर माझ्या मागच्या बाकावर एक म्हातारी बाई आणि कॉलेजातली मुलगी बोलत होत्या.

“सोमारीबाई, हा मोहाच्या पानाचा फोटो मी कॅमेऱ्याशिवाय काढला.”

“कॅमेऱ्याशिवाय कसा निंगते, रीना?”

“फोटोच्या कागदावर पान ठेवलं अन् उजेड दाखवला. पानाखाली पांढरं राह्यलं, बाकी कागद काळा झाला.”

“कोनं शिकवलं तुले?”

“कॉलेजात. शंभर वर्षांआधी जर्मनीत बाउहाउस नावाची डिझाइनची शाळा होती. तिथं असे प्रयोग करत.”

“कोनतीबी वस्तू चालते काय?”

“हो. काऊन?”

“माही पोरगी गेली, तिचा एकबी फोटो नाई. ही लाकडी फणी तेवढी हाय.”

“द्या बाई, उद्याच काढतो.”

“दातात तिचा एक केस अटकला हाय. तो बी येईन काय?”

“येईन, बाई.”