ट्रॉम्बोनची मिठाई

जपानमधल्या हामामात्सूत शाळेच्या वाद्यवृंदाची मैफल सुटली. बसच्या रांगेत माझ्यापुढे एक आजी होती आणि ट्रॉम्बोन या पितळी फुंकवाद्याची लांबलचक पेटी सांभाळत उभी असलेली तिची शाळकरी नात.

“मिनोरी, तुला शिक्षा झाली होती का गं?”

“कसली शिक्षा, आजी?”

“सगळे वाजवत होते आणि तू मांडीवर हात ठेवून गप्प! मैफलीला आलेल्या आपल्या शेजारच्या ओगुरीबाई म्हणाल्या, ‘घरी तर पोरगी थांबत नाही.’ तुझ्या आवाजाची माफी मागायला दरवर्षी मिठाई नेते मी त्यांच्याकडे.”

“अशा रचनांत ट्रॉम्बोनचं काम शेवटी असतं. मोठ्या वाद्यवृंदातही असंच असतं.”

“आणि तुला जन्मभर हेच करायचंय?”

“हेच. पण तोक्योच्या संगीत महाविद्यालयाला बाबा नाही म्हणतात. शेवटचं वाजवलं, ते कसं झालं?”

“ओगुरीबाई रडल्या.”

“खरंच?”

“भिंतीपलीकडून ऐकताना रडल्या असतील, ते वेगळं.”

“आजी!”

“तुझ्या बापाचं मी बघते. पण तोक्योत पेटी उघडण्याआधी वरच्या, खालच्या आणि दोन्ही बाजूंच्या घरी मिठाई देऊन ये.”

“देईन.”

“आणि डबे मोठे घे. तू गप्प बसतेस ती फक्त मैफलीत.”