बबनचा गुडघा

खरं सांगू का, बबनवर मी लई जळायचो. दिंद्रुडच्या कबड्डी संघात आम्ही दोघंही चढाईला, दोघंही पंचविशीतले. गावात नवा केबल टीव्ही आलता, तरी लोक तो सोडून बबनला बघायला यायचे. मला न्हाई.

आमच्या गावात शिवाप्पा म्हणून किराणा दुकानदार होते. तीस वर्षांत त्यांनी एक सामना चुकवला नव्हता. नवा गडी कुण्या जुन्या गड्यासारखा खेळतो ते बघून, तो किती वर्षं टिकेल हे ते सांगायचे. मी मुद्दाम बबनचं विचारलं.

"केजच्या महादूसारखा हाय," अप्पा म्हणाले. "तसंच अंग, तसंच उजव्या पायावर गर्रकन वळणं. महादूचा गुडघा अठ्ठाविसाव्या वर्षी गेला. याचाबी जाईल."

मला इतका आनंद झाला की मी पळतच बबनकडं गेलो. "तीन वर्षं राहिली बे तुझी!" म्हणालो आणि सगळं सांगून टाकलं.

 दुसऱ्या दिवशी तो जीपनं केजला गेला, महादूला शोधून काढलं आणि काय चुकलं ते विचारून आला. मग वर्षभर खपून डाव्या पायावर वळायला शिकला.

माझा खेळ तिशीच्या आत सुटला. बबन छत्तिशीपर्यंत खेळला. शेवटच्या सामन्यात त्यानं मला मैदानात बोलावलं, हार घातला आणि म्हणाला, "यानं सावध केलं, म्हणून मी एवढा खेळलो."

आयुष्यात पहिल्यांदा माझ्यासाठी टाळ्या पडल्या, आणि त्याबी बबनमुळंच!