सगळ्या इस्त्र्या एकदम

माझा जन्म लांजीकडच्या खेड्यातला, शाळा चौथीपर्यंत, मग लग्न होऊन भरवेलीले आली, नवरा खाणीत होता, तो गेल्यावर बालाघाटले शिलाईच्या हॉलमध्ये इस्त्री करायले लागली, आजही तेच करते. रडगाणं नाई सांगत, काम सांगते.

मागल्या साली मालकानं नवी बिल्डिंग बांधली, खाली दुकानं, वर आमचा हॉल. वायरिंगचा हिशेब माझ्या पोरीकडे, सुनीताकडे होता, तिनं बिजलीचा डिप्लोमा केला. घरी कागद पसरून बसली तं मी विचारलं, काय करून राह्यली? म्हणे माय, प्लग मोजून राह्यली, एकेका प्लगचा लोड धरायचा, पण पहिले काही पूर्ण, बाकीचे अर्धे, कारण सगळे जण एकाच वेळी बटन दाबत नाईत. मी म्हटलं, कोणं सांगितलं तुले? शाळा उघडायच्या आधी युनिफॉर्मचा माल निघते तवा बारा बाया बारा इस्त्र्या एकदम लावतात, कोणी कोणाची वाट पाहत नाई. ती म्हणे, तू चौथी शिकली, मले शिकवते? म्हटलं, हौ, जुन्या हॉलात बोर्ड पेटला तवा पोतं घेऊन मी धावली, तुझं पुस्तक नाई.

काय सांगू तुम्हाले, दुसऱ्या दिवशी ती हॉलमध्ये येऊन उभी राह्यली, इस्त्र्या मोजल्या. घरी हिशेब पुन्हा केला, सगळ्या पूर्ण धरल्या, जाड वायर लिहिली. मालक म्हणे, मॅडम, खाली दुकानांत अर्धं चालते तं वर काहून नाई? तिनं जुन्या कागदावर सही केली नाई. मालकानं दुसऱ्याची सही आणली, बारीक वायर भिंतीत गेली. सुरुवातीले लोड वाढला का एमसीबी पडे, लाईन आपोआप बंद होई, तं त्यानं मोठी बसवली. आता पडत नाई, वायरच तापते.

तवापासून जिवाले घोर आहे. जिना एकच, खिडक्यांले जाळ्या. सुनीता म्हणते, माय, सोड ते काम. मी सोडीन, बाकीच्या कुठं जातील? मग मीच नियम केला, सहा जणी इस्त्री, सहा जणी काजं-बटनं, मग बदली. बाजूच्या टेबलावरची शांता म्हणते, बुढी मास्तरीण झाली. म्हटलं, हौ, कागदावर अर्ध्या लिहिल्या न, तं अर्ध्याच चालतील. मालक ओरडते, माल अडून राह्यला. ओरडू दे.

परवा मी तापानं घरी पडली. दुपारी फोन लावला, शांता, किती चालू आहेत? म्हणे, सहाच बुढे, झोप तू. मागून वाफेची फुसफुस येत होती. मले ती सहाची नाई वाटली.