न वाजवलेलं दार

मंडळी, ऐका! पेटीवाले आरतीसाठी सूर लावतायत तोवर एक प्रश्न टाकतो. आपलं माणूस कोण आणि परकं कोण? सोपं वाटतंय? मग सांगा, ज्याच्याशी भांडण झालं, ते माणूस कुणात धरायचं? अहो, शेजाऱ्याकडं बघू नका, त्याला कळेल!

तर आपल्या विट्याकडच्या एका गावच्या हौसाबाई खराडे. लेक वैजयंता जर्मनीत. नोकरी आहे, नवरा गुणाचा आहे, तिसऱ्या मजल्यावर घर आहे. सगळं आहे, फक्त माणसं नाहीत! लेकीचं बाळंतपण करायला हौसाबाई निघाल्या. पिशवीत काय? डिंक, अळीव, खारीक आणि पितळी खलबत्ता! विमानतळावरचा साहेब बत्ता हातात घेऊन विचारतो, "हे काय?" बाई म्हणाल्या, "बाळंतिणीचं औषध!"

नात झाली, गोरीपान. रविवारी सकाळी हौसाबाई फरशीवर मांडी ठोकून खारीक कुटायला बसल्या. ठण्! ठण्! ठण्! आता तिकडची रीत अशी, की रविवारी मोठा आवाज करायचा नाही. (आपल्याकडं रविवारीच तर कर्णा लागतो!) खालच्या मजल्यावरून कुणीतरी छताला काठी मारली— ठक! ठक! हौसाबाईंना केवढा आनंद! "वैजे, खाली पण बाळंतीण आहे गं! ती पण कुटतेय!" आणि त्यांनी घाव वाढवला!

थोड्या वेळानं दाराची घंटा. समोर खालची हेल्गाबाई. पंच्याहत्तरीची, काठीसारखी ताठ. बोट वर करून पाच मिनिटं बोलली. हौसाबाईंना शब्द एक कळला नाही, अर्थ सगळा कळला! राग कळायला भाषा लागते होय? दार लावून त्या म्हणाल्या, "खाष्ट आहे मेली! हिच्या वाऱ्याला उभी राहायची नाही मी."

पण खरं दुखणं वेगळंच होतं. वैजयंता बाळंत झाल्यापासून खिडकीत बसून रडायची. "आई, माझ्या लेकीचं इथं कोण आहे गं? हिचं बारसं तरी माणसांत होऊ दे." बाराव्या दिवशी दुसऱ्या शहरातून पाच मैत्रिणी येणार होत्या. त्यातलीच एक आत्या म्हणून उभी राहणार. त्या एका दिवसावर पोरगी जीव धरून होती.

बारावा दिवस उजाडला आणि हे एवढं बर्फ! दुपारी फोन आला, गाड्या बंद, वाटेत अडकलोय. वैजयंतानं फोन ठेवला. "आई, दारातली ती रांगोळी पुसून टाक." एवढंच म्हणाली आणि भिंतीकडं तोंड करून निजली.

आईच ती! म्हणाली, "बारशाला बायका नाहीत? बोलावणं केलं की येतात!" घेतला कुंकवाचा करंडा, उतरली जिना. भाषा? दोन हात झुलवून दाखवायचे, म्हणजे बाळ. पाच बोटं दाखवायची, म्हणजे पाच वाजता. वर बोट, म्हणजे आमच्या घरी. एकीनं हसून मान हलवली, एक नुसतीच बघत राहिली. असं दार दार करत हेल्गाबाईचं दार आलं. हात वर गेला... आणि खाली आला. हौसाबाई पुढं गेल्या! मंडळी, ही जागा ध्यानात ठेवा.

पाच वाजले. कुणी नाही. सव्वापाच. हौसाबाईंच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. तेवढ्यात घंटा! दाराच्या भोकातून बघतात तर हेल्गाबाई! "अगं बाई! आज तर रविवार पण नाही!"

दार उघडलं आणि काय बघतात? हेल्गाबाईच्या हातात लाकडी पाळण्याचं एक टोक, दुसरं टोक तळमजल्यावरच्या पोरीच्या हातात! मागं सगळा जिना भरलेला! झालं होतं काय, की ही म्हातारी हात झुलवतेय, बोटं दाखवतेय, हिला हवंय काय, हे कुणालाच उमगेना. एकीला वाटलं, दूध हवंय, तिनं दूध आणलं. एकीला वाटलं, पांघरूण हवंय, तिनं दुलई आणली. शेवटी सगळ्या गेल्या इमारतीतल्या वडीलधाऱ्या बाईकडं. म्हणजे कुणाकडं? हेल्गाबाईकडं!

हेल्गाबाई बोलली आणि वैजयंतानं उठून आईला सांगितलं, "आई, त्या म्हणतायत, मला बोलावलं नव्हतं, ठाऊक आहे मला. पण बाळ म्हटल्यावर पाळणा लागणार, आणि या इमारतीत पाळणा माझ्याच घरी आहे. माझा मुलगा यात वाढला."

मंडळी, हौसाबाईंना कुठं तोंड लपवू असं झालं! खाली वाकून पायच धरायला निघाल्या. ती ताठ बाई घाबरून मागं सरली!

मग काय, बारसं! आपली रीत— बाळाआधी बत्ता नटवायचा आणि पाळण्याच्या वरून-खालून फिरवायचा. टोपडं घातलेला बत्ता हेल्गाबाईच्या हातात आला. तिनं वजन केलं, नखानं वाजवून बघितला— टण्! "हाच का तो!" आणि अशी हसली, की टोपडं खाली पडलं! बाळाच्या कानात नाव कुणी सांगायचं? हौसाबाईंनी तिचाच हात धरला. "आत्या ही!" नाव सांगितलं, "ओवी." आणि मग आत्याच्या पाठीत पडले ना बुक्के! सगळ्या जिन्यानं मारले! हेल्गाबाईचं इतक्या वर्षांचं काठी मारणं वसूल! आणि वैजयंता? बारा दिवसांत पहिल्यांदा पोट धरून हसत होती.

ज्या दारावर आपण थाप मारली नाही, ते दार पाळणा घेऊन वर आलं, मंडळी!

हसलात? आता इकडं बघा. देवळामागं नवी इमारत चाललीय. तिथं पत्र्याच्या खोलीत ओडिशाचं जोडपं राहतं. बाईचे दिवस भरत आलेत. आज गावजेवणाचं बोलावणं घरोघर गेलं. त्या खोलीला गेलं? ...माना खाली घालू नका. दुपारी मी त्याच वाटेनं आलो. उन्हात बघून त्या माउलीनं मला तांब्याभर पाणी दिलं. मी प्यालो, आशीर्वाद दिला आणि आलो निघून! बोलावणं मीही केलं नाही!

तेव्हा आरती थांबेल. देव कुठं पंगत सोडून जात नाही. दोघी-तिघी उठा. भाषा येत नाही? हौसाबाईंना तरी कुठं येत होती! जा, दार वाजवा. तोवर आम्ही नाम घेतो. पेटीवाले, धरा सूर. त्या दोघांना बसायला पुढं जागा करा— हं, अजून थोडी. ती दोघं आली, की आरती.