चौकटीवरचा पोचा

…आणि वर बायको मलाच विचारते, “माणूस लावला असता तर दोन दिवसांत झालं असतं की नाही?” आता तुम्हीच सांगा, या प्रश्नाला उत्तर असतं का? हो म्हणावं, तर गेला महिनाभर मी मूर्ख होतो असं लेखी दिल्यासारखं होतं. आणि नाही म्हणावं, तर… नाही म्हणायची आमच्या घरात सोयच नाही!

मुळात विषय किती साधा! घराच्या चौकटी. खिडक्यांच्या, दारांच्या, झाडून सगळ्या अॅल्युमिनियमच्या, बावीस वर्षं जुन्या. त्यांच्यावर पांढरी भुकटी धरायला लागली होती. बोट लावलं की बोट पांढरं, टेकून उभं राहिलं की पाठ पांढरी. पाहुणे जायला निघाले की कोण कोणत्या दाराला टेकून गप्पा मारत होतं, हे त्यांच्या पाठीवर वाचता यायचं! बायको म्हणाली, “अहो, माणूस लावा.” मी म्हणालो, “कशाला? रंगच तर द्यायचाय!”

तुम्हाला सांगतो, मनुष्यजातीवर आजवर जी जी संकटं आली, त्यांच्या मुळाशी कुणीतरी कुठेतरी असंच एखादं वाक्य उच्चारलेलं असणार.

दिला रंग. एका दिवसात सगळ्या दारांना दिला हो! गडद तपकिरी. आणि तो रंग निवडायला मला सोळा दिवस लागले होते, हे आत्ताच सांगून ठेवतो, कारण पुढे त्याचा संबंध येणार आहे. दोन दिवस घर असं झळकत होतं की मी उगाचच या खोलीतून त्या खोलीत जायचो. तिसऱ्या दिवशी वर्तमानपत्र उघडताना चौकटीला कोपर घासलं आणि रंग सोलून आला. थोडाथोडका नाही, हातभर पट्टी, केळ्याची साल निघावी तशी! मी ती पट्टी घडी करून खिशात घातली आणि रंगाच्या दुकानात गेलो. दुकानदारानं ती डॉक्टर एक्स-रे बघतात तशी उजेडात धरली.

“प्रायमर?”

“नाही मारला.”

“घासलं होतं?”

“पुसलं होतं.”

“कशानं?”

“फडक्यानं.”

त्यानं चष्मा काढून टेबलावर ठेवला. “काका, भिंत रंग पिते. अॅल्युमिनियम पीत नाही. त्याला आधी घासून खरबरीत करायचं, मग थिनरनं पुसायचं, मग त्याचा स्वतःचा प्रायमर, आणि मग रंग. तोही पातळ, दोन हात. जाड एक हात नव्हे.” किती शांतपणे समजावलं त्यानं! पुढे सहा वेळा गेलो त्याच्याकडे, सहाही वेळा तितक्याच शांतपणे. असा माणूस भेटायला भाग्य लागतं. घरी आलो तर बायको दारातच. “काय म्हणाले? माणूस लावा म्हणाले ना?”

आता इथे सासूबाईंची ओळख करून द्यायला हवी, कारण खरी गोष्ट त्यांची आहे. बायकोची आई, वय एक्क्याऐंशी, आमच्याकडेच राहतात. चार वर्षांपूर्वी त्यांची दृष्टी गेली. राहायला आल्या त्याच दिवशी हॉलमध्ये मधोमध उभ्या राहून त्यांनी एकच अट घातली, “माझा हात धरायचा नाही. ज्या दिवशी धरावा लागेल, त्या दिवशी मी धाकटीकडे जाईन. तिच्याकडे दिवसभराची बाई आहे, हात धरायचा पगारच घेते ती.” आणि खरंच, चार वर्षांत कुणी हात धरलेला नाही! हॉलमधून निघायचं, तळवा भिंतीवरून सरकवत न्यायचा, चौकटीला लागला की क्षणभर थांबायचं आणि बरोब्बर न्हाणीघरात. बरोब्बर स्वयंपाकघरात. आमची समजूत अशी, की त्या पावलं मोजतात.

आणि सासूबाई आमच्याकडे राहाव्यात यात माझा स्वार्थ काय, तेही सांगतो, लपवत नाही. या घरात माझं बोलणं शेवटपर्यंत ऐकणारी ती एकमेव व्यक्ती आहे. बायको पहिल्या वाक्याला उठते. मुलगी फोनवर “बाबा, मुद्दा” म्हणते. सासूबाई मात्र ऐकतात. मध्येच “बरं”, मध्येच “मग?” आणि तो ‘मग’ खरा असतो हो! त्यासाठी माणूस काय काय करेल!

तर आता घासणं, थिनर, वास… सासूबाईंना आठ दिवस धाकटीकडे पाठवलं आणि मी पदर खोचून कामाला लागलो. पदर नव्हता, लुंगी होती, खोचली. काचांच्या कडेनं चिकटपट्ट्या लावल्या. जुना रंग खरवडला. इतकं घासलं की रात्री जेवतानाही माझा उजवा हात ताटावर मागेपुढे होत होता. आणि एकदा का नीटनेटकेपणा अंगात शिरला की तो माणसाला सोडत नाही. चौकटींना जागोजागी पोचे होते. आतून पोकळ असतात ना त्या, जरा लागलं की आत जातात. म्हटलं, यांच्यावर काय रंग द्यायचा! खड्डे बुजवायची लांबी आणली, एकेक पोचा भरला, घासून सपाट केला. सासूबाईंच्या दाराला एक स्क्रू वर आलेला होता, तोही आवळून बसवला. मग प्रायमर, मग रंग, पातळ, दोन हात. बायकोनं तीन दिवस स्टूल धरलं. “माणूस लावला असता तर…” हे तिनं स्टूल धरूनच म्हटलं, पण स्टूल सोडलं नाही, याची मी कृतज्ञ नोंद करतो.

नववा दिवस. सासूबाई आल्या. हॉलमधून निघाल्या. तळवा भिंतीवरून सरकत गेला, चौकटीला लागला… आणि थांबला. खाली गेला, वर आला, परत खाली. मी पाठीमागे उभा, मनात म्हणतोय, बघा, कसा रेशमासारखा लागतोय! त्या पुढच्या चौकटीपाशी गेल्या. तिथंही तसंच. मग आत वळल्या. ती अडगळीची खोली होती! जुन्या बादल्या, मोडका पंखा, यांच्या मध्ये सासूबाई उभ्या, हात पुढे केलेला, आणि तो हात कशालाच लागत नव्हता.

“आई, इकडे, इकडे!” म्हणत मी पुढे झालो आणि… धरला हो त्यांचा हात!

त्यांनी तो सोडवून घेतला. बाहेर आल्या, सोफ्यावर बसल्या, आणि आपल्या मुलीला, म्हणजे माझ्या बायकोला, म्हणाल्या, “माझी बॅग उघडू नकोस.”

तुम्हाला सांगतो, माझ्या पायाखालची फरशी, निदान तिला तरी मी रंग दिला नव्हता, तीसुद्धा सरकली. म्हटलं, “आई, पावलं चुकली का?”

“पावलं कोण मोजतंय? न्हाणीघराला कमरेशी मोठा पोचा, स्वयंपाकघराला छातीशी लहान, माझ्या दाराला स्क्रू. अडगळीला काहीच नाही. आता सगळीकडे अडगळच आहे.”

बायकोनं माझ्याकडे पाहिलं. ती ते वाक्य म्हणाली नाही. न म्हणता ऐकू आलं!

मी म्हणालो, “आई, संध्याकाळपर्यंत थांबा.” स्क्रू सोपा होता, चार फेरे उलटे फिरवले, आला वर. न्हाणीघराचा पोचा कशानं पडला होता? कपडे धुण्याचं यंत्र आत नेताना. मी हातोडीला फडकं गुंडाळून बेतानं एक ठोका दिला. सासूबाईंनी बोट फिरवलं, म्हणाल्या, “हा कोण नवीन?” शेवटी आम्ही नवराबायकोनं ते यंत्र बाहेर ओढलं आणि पुन्हा आत घातलं, वाटेत चौकटीवर आदळून! साठी उलटलेली दोन माणसं, स्वतःच्याच नव्या रंगावर नेम धरून! “हं, हा तो,” सासूबाई म्हणाल्या.

राहिला स्वयंपाकघराचा. मी म्हणालो, “तो कपाट सरकवताना पडला होता. कपाट आणतो.”

“कपाट नव्हे,” सासूबाई म्हणाल्या. “पाण्याची बाटली. स्टीलची. कचेरीत तुमच्या हाताखालच्याला वरची जागा दिली, त्या दिवशी तुम्ही घरी येऊन भिरकावलीत. मी तेव्हा चार दिवस राहायला आले होते. दिसत होतं तेव्हा मला.”

बारा वर्षं झाली या गोष्टीला! बारा वर्षं मी जगाला कपाट सांगतोय, आणि ही बाई ते कपाट मुकाट ऐकून घेतेय! रोज त्या पोच्यावर बोट ठेवायची, पण माझ्यावर कधी ठेवलं नाही. काय म्हणावं या मोठेपणाला? मी स्टीलची बाटली घेऊन आलो. आणि अशा बाईसमोर ती फेकायची म्हणजे… फेकली. चौकटीला लागून टुणकन खाली पडली.

“असं नाही,” सासूबाई म्हणाल्या. “रागानं फेका, जावईबुवा.”

अहो, राग आणायचा कुठून? त्या क्षणी माझ्या मनात निव्वळ उपकाराची भावना होती! मी तेव्हाच्या साहेबाला आठवलं. तो आता आजोबा झालाय, दया आली. दुसऱ्यांदा फेकली, टुण. तिसऱ्यांदा हात उगारला, तेवढ्यात मागून बायको अगदी मऊ आवाजात म्हणाली, “माणूस लावला असता तर लांबीच भरली नसती हो त्यानं.”

धाडकन!

बाटलीचं झाकण न्हाणीघरापर्यंत गेलं. सासूबाई उठल्या. भिंतीवरून तळवा नेत चौकटीपाशी गेल्या, छातीशी बोट ठेवलं, आणि वळल्या ते स्वयंपाकघरात. आतून भांड्याचा आवाज आला. पाणी पिऊन, तशाच एकट्या परत येऊन बसल्या आणि म्हणाल्या, “बॅग उघड गं.” मग माझ्याकडे तोंड करून, “रंग कोणता दिलात हो? कुणी सांगितलंच नाही.”

मी सांगितला. गडद तपकिरी का, करडा का नाही, सोळा दिवस का लागले, सगळं सांगितलं. पाऊण तास. “मग?” म्हणाल्या. मधे तीनदा!

आता खिडक्या बाहेरच्या बाजूनं राहिल्यात. काल दुकानदार स्वतः बघायला आला. रंगावरून हात फिरवला, खूश झाला, आणि पोच्यापाशी थांबला. म्हणाला, “काका, काम पहिल्या दर्जाचं, पण हे एवढे पोचे तसेच कसे ठेवलेत?” मी तोंड उघडणार, तर बायको म्हणते कशी, “तरी मी सांगत होते, माणूस लावा!”