कलकत्त्यात पसरलेली शाल

उदाराम : मंग? बैल सुटला, आन तू काय केलीस?

वच्छला : थांबा काका, अजून मी खुर्चीवर नीट बसलेसुद्धा नाही. पुढे एक मडम होती. तिच्या टोपीत एवढं मोठं पीस, की अर्धं मैदान मी पिसातूनच पाहिलं. तरी यांना सगळं समजावून सांगत होते. पेपरात वाचून गेले होते ना. म्हटलं, याला रोडिओ म्हणतात. अमेरिकेतले गुराखी मस्तवाल बैलावर बसतात, आणि जो जास्त वेळ टिकतो तो जिंकतो.

उदाराम : बैलावरच बसते? छकडा नाही, जोडी नाही?

वच्छला : काही नाही. एकटा बैल, वर एकटा माणूस.

उदाराम : कायले पन?

वच्छला : तुमच्या जावयांनीही तेच विचारलं. मी म्हटलं, शौर्य. अगदी मास्तरणीसारखं.

उदाराम : तू लहानपनापासून तसीच. भाऊच्या, तुझ्या बापाच्या, खांद्यावर बसून शंकरपटाची शर्यत पाहे, आन जोडी हाकनाऱ्या मलेच सांगे, काका, कासरा ढिला सोडा.

वच्छला : खरं तर जायचं मनात नव्हतं. बाबांना जाऊन दोन महिने झालेले. हे म्हणाले, साहेबानं तिकिटं दिलीत, जरा मन रमेल. मी नाहीच म्हटलं. मग रस्त्यात जाहिरात दिसली. चित्रातला बैल पांढरा, उजवं शिंग जरा वाकडं. आपल्या पाखऱ्यासारखं.

उदाराम : हं.

वच्छला : तर बैल सुटला. दोन उड्यांत गोरा गडी मातीत. लोक टाळ्या वाजवायला लागले, आणि बैल धावत आमच्याच बाजूला यायला लागला. मी इकडेतिकडे पाहिलं. पटाच्या शेवटी बाबा जाड लोकरी धुस्सा पसरून जोडी थांबवायला उभे राहायचे, तसं तिथं कुणी उभंच नव्हतं. एवढं मोठं कलकत्ता, पण कुणी नाही.

उदाराम : मंग?

वच्छला : मग मी खुर्चीवर चढले. अंगावरची शाल दोन्ही हातांनी पसरली आणि ओरडले.

उदाराम : काय म्हनून?

वच्छला : बाबा म्हणायचे तेच.

उदाराम : मडमच्या कानात?

वच्छला : कानात नाही, पण तिचं पीस मोडलं. बँडवाल्यांनी वाजवणं थांबवलं.

उदाराम : आन बैल थांबला?

वच्छला : कशाचा थांबतो. त्याला कुठून समजणार अर्जुनीकडची बोली? तो वळला आणि फाटकातून आपल्या गोठ्यात गेला, रोज जात असेल तसाच. तोंड रंगवलेला एक विदूषक मात्र आला आणि मला वाकून मुजरा केला. लोकांना वाटलं, ही कंपनीचीच बाई. बाहेर पडताना एका साहेबानं यांना विचारलं, उद्याच्या खेळाला या असतील ना? हे घरापर्यंत रस्त्याच्या पलीकडच्या बाजूनं चालले.

उदाराम : बिचारे जावईबापू. भाऊ गेल्यापासून आज हासलो, पोरी.

वच्छला : हसा. आता तुमचं सांगा. काकू बोडीचं काहीतरी म्हणत होती.

उदाराम : तिले चिखल धुवा लागला, म्हनून सांगत फिरून राहिली. उद्याच्या पटासाठी जोडी काढून पाहिली. मी हाकनारा, आन भाऊच्या जागी धुस्सा घेऊन टिकाराम. पाखऱ्यानं त्याच्याकडे पाहिलं बी नाही. टिकाराम धुस्सा टाकून पराला. जोडी सीधी बोडीच्या पाण्यात, आन मी जोडीच्या आंधी. निंगालो त डोक्यावर शिंगाड्याचा वेल, नवरदेवाच्या बाशिंगासारखा. सारं गाव वरातीले हजर.

वच्छला : म्हणून जोडी विकायची? काकू तेही म्हणाली.

उदाराम : तिरोड्याचा श्यामलाल उद्या सकारी येऊन राहिला न्यायले.

वच्छला : एका बोडीपायी?

उदाराम : बोडीचं नाही, बाई. उभ्या जिनगानीत मी पुढं पाहून जोडी हाकलीच नाही. पुढं भाऊ उभा राहे. आता कोनाच्या भरवशावर हाकू?

वच्छला : मी उभी राहते.

उदाराम : पटात बाईमानूस? आन दुखवट्याचं वरीस. लोक हासतीन.

वच्छला : कलकत्ता हसून झालंय काका. त्यापुढे आपलं गाव केवढंसं?

उदाराम : बैल का तुझा आवाज ओरखते? कसी ओरडली होतीस, म्हनून दाखव.

वच्छला : इथे अंगणात? शेजारी ऐकतील.

उदाराम : मडमनं आयकलं. म्हन.

वच्छला : झालं रे राजा, झालं.

(गोठ्यातलं रवंथ थांबतं. गळ्यातल्या घाट्या एकदा वाजतात आणि गप्प होतात.)

वच्छला : काका?

उदाराम : श्यामलालले चहा पाजून वापस धाडू.

वच्छला : आणि उद्या?

उदाराम : ते शाल तुझी पातळ हाय. भाऊचा धुस्सा खुंटीवरच हाय, तो घेजो.