शंभर टक्के नजर

मोठ्या बाई : सही करायला एवढा विचार? जेवणाच्या सुट्टीनंतर अहवाल न्यायला माणूस येतोय.

नव्या बाई : एक सांगा ना. शाळेत एकशे बारा मुलं, आणि एकालाही चष्मा लागत नाही?

मोठ्या बाई : एकालाही नाही! डोळ्यांच्या तपासणीत शंभर टक्के, सलग दुसरं वर्ष. उगाच दृष्ट लावू नका.

नव्या बाई : कॉलेजात आमच्या प्रयोगशाळेत शंभर टक्के आलं की आधी मोजपट्टी तपासायचे.

मोठ्या बाई : अहो, तपासणारा माणूस बाहेरचा होता. तक्ता त्यानं टांगला, छडी त्यानं फिरवली. पोरांनी घडाघडा वाचलं. यात तुम्हाला काय टोचलं?

नव्या बाई : घडाघडा वाचलं, तेच टोचलं. काल दुसरीत पानाच्या शिरा बघायला दिल्या होत्या. रेडिओनं पान अगदी नाकाला टेकवलं.

मोठ्या बाई : तिचं नाव काढू नका! तोंड सदा चालू, म्हणून तर रेडिओ. शेजारणीच्या वहीत डोकावून उतरवायची, म्हणून सहामाहीपासून मागच्या बाकावर एकटी बसवलीय. लगेच पितळ उघडं पडलं. वही कोरी!

नव्या बाई : तिला बोलावलंय मी, दाराबाहेर उभी आहे. त्याआधी हा भिंतीवरचा तक्ता बघा.

मोठ्या बाई : हा कुठला? यात वर ‘ह’ आहे. आमचा ‘क’नं सुरू होतो.

नव्या बाई : आमचा? तक्ता तर तपासणाऱ्याचा होता ना?

मोठ्या बाई : त्यांचे तक्ते सगळे सारखेच असतात हो. एक मागून घेतला होता मी.

नव्या बाई : कशाला?

मोठ्या बाई : दोन वर्षांपूर्वी काय झालं ते तुम्हाला कुठलं माहीत असणार? पोरं परक्या माणसासमोर बावरली. येत असून गप्प बसली. चौदा जणांना नंबर आहे म्हणून लिहून गेला तो. आईबाप माझ्या अंगावर धावून आले, ‘आमच्या मुलीला आंधळी ठरवता का?’ मग मी दर सोमवारी तक्ता म्हणवून घ्यायला लागले. परीक्षेची तयारी करून घेणं हा काय गुन्हा झाला?

नव्या बाई : मोठ्या बाई, ती परीक्षा नव्हती.

मोठ्या बाई : बरं बरं. बोलवा तिला.

नव्या बाई : तक्ता तुमचाच आहे, फक्त उलटा टांगलाय. मागच्या बाजूला मी दुसरी अक्षरं काढलीत, त्याच मापाची. ये गं आत. त्या खडूच्या रेघेवर उभी राहा.

रेडिओ : बाई, मी काही नाही केलं.

नव्या बाई : माहितीये. एक डोळा झाक आणि वाच.

रेडिओ : क! ट, म! प, र, न! ग, ल, च, द! उलटंपण येतं मला. द, च, ल, ग...

मोठ्या बाई : थांब.

(मोठ्या बाई खुर्चीवरून उठून तक्त्यापाशी जातात.)

मोठ्या बाई : मी बोट ठेवलंय ते अक्षर कुठलं?

रेडिओ : कितवी ओळ ते सांगा ना.

मोठ्या बाई : पहिली.

रेडिओ : मग क.

मोठ्या बाई : अगं नीट बघ. माझ्या तळहाताएवढं आहे हे!

रेडिओ : बघतेय ना. काळं काळं आहे. चुकलं का? सोमवारी तर बरोबर असतं.

नव्या बाई : फळ्यावरचं दिसतं तुला?

रेडिओ : बाई लिहिताना बोलतात ना, ते कळतं. न बोलता लिहिलं की शेजारणीचं बघायचं. आता शेजारीण नाही.

मोठ्या बाई : मग तोंड उघडून सांगायचं नाही का, मला दिसत नाही म्हणून!

रेडिओ : कुणालाच नाही ना दिसत? म्हणून तर पाठ करायचं.

मोठ्या बाई : काय म्हणालीस?

रेडिओ : बाकीच्यांना दिसतं?

नव्या बाई : वर्गात जा, राणी. पहिल्या बाकावर बस.

रेडिओ : शिक्षा संपली?

मोठ्या बाई : तुझी संपली. जा.

नव्या बाई : बसा तुम्ही. पाणी देऊ?

मोठ्या बाई : नको. तिचं नाव घाला. चष्म्यांची गाडी येते ती अहवालातल्या नावांवरूनच येते. आज नाव गेलं नाही तर वर्षभर विसरा.

नव्या बाई : घालते. आणि बाकीची एकशे अकरा?

मोठ्या बाई : त्यांची तर...

नव्या बाई : त्यांनाही तक्ता पाठ आहे.

मोठ्या बाई : मीच करून घेतलाय पाठ. ज्याचं अक्षर चुकेल त्याला दहा वेळा म्हणायला लावायचे. दहा वेळा! कोण चुकतंय ते माझ्या डोळ्यांसमोर होतं हो, दर सोमवारी.

नव्या बाई : मग अहवालात काय लिहू? वरून विचारणा होईल. तुमच्या कौतुकाची पत्रं त्यांनीच पाठवलीत.

मोठ्या बाई : होऊ दे. ती शंभर टक्क्यांची ओळ खोडा.

नव्या बाई : खोडली. तिथे?

मोठ्या बाई : लिहा, या शाळेत दोन वर्षं कुणाचे डोळे तपासलेले नाहीत.